फेटा बांधेपर्यंतची तीन मिनिटं

दोन महापौरांची डोकी अंजनाच्या हातांखालून गेली होती आणि तिसऱ्याची वेळ जवळ आली होती.

सांगलीत फेटे बांधणारे पुष्कळ आहेत. बाई मात्र ती एकटीच, निदान वीस वर्षं तरी तिला दुसरी कुणी भेटली नव्हती. समोर माणूस बसला की ती त्याच्या नावागावाकडे न बघता डोक्याकडे बघायची. मागून चपटं डोकं असेल तर पहिला वेढा जरा खालून घ्यायचा. तेल चोपडून आलेल्याचा वेढा ओढून घट्ट करायचा. टक्कल असेल तर आत सुती रुमाल ठेवायचा आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आंबाडा घातलेल्या बाईला फेटा बांधणं सगळ्यांत अवघड. पुष्कळ जण तिथे पिना टोचून मोकळे होतात. अंजना आंबाड्याच्या वरून एक तिरका पेच घ्यायची आणि पिनेशिवाय फेटा दिवसभर जागचा हलायचा नाही.

ही विद्या वडिलांची. तात्याबा वडूजच्या बाजारात कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायचे आणि लगीनसराईत आसपासच्या वाड्यावस्त्यांवर फेटे बांधायला जायचे. फेट्याचं आठ-नऊ मीटरचं कापड. एकानं डोक्यापाशी उभं राहून वेढे घ्यायचे आणि दुसऱ्यानं दुसरं टोक चुण्या धरून ताणून ठेवायचं, वेढा पडेल तसं एकेक पाऊल पुढे सरकायचं. लहानपणी ते दुसरं टोक अंजना धरायची. लग्न होऊन सांगलीला आली तेव्हा एका कार्यात ठरलेला फेटेवाला आलाच नाही आणि नवऱ्या मुलीकडच्यांची तोंडं उतरली. अंजनानं पदर खोचला आणि साठ डोकी बांधून काढली. तेव्हापासून ती डोक्यापाशी आणि दुसऱ्या टोकाला नवरा, धोंडिराम. तो एरवी रिक्षा चालवायचा. फेब्रुवारीत भगवे फेटे, एप्रिलमध्ये निळे, मे महिन्यात लग्नांचे गुलाबी आणि निवडणुकीला ज्याचा जो रंग असेल तो. नऊ मीटर कापडाच्या दोन टोकांना उभं राहून दोघांनी संसाराची बरीच बोलणी केली होती, आणि भांडणंसुद्धा. कापड किती जोरानं ओढलं जातंय यावरून धोंडिरामला बायकोचा त्या दिवशीचा राग अचूक कळायचा.

अंजनाला महापौरांकडून एकच गोष्ट हवी होती. तिला पोहायला शिकायचं होतं.

हे कुणाला सांगितलं की माणूस आधी हसायचा. मग तिच्याकडे, म्हणजे पंचेचाळिशीच्या, भरल्या अंगाच्या, केसांत चार पांढऱ्या बटा असलेल्या बाईकडे बघून पुन्हा हसायचा. पण तिच्या बाजूनं बघितलं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ती नदीच्या अंगाच्या गल्लीत राहायची. मोठा पूर आला त्या वर्षी पाणी तळमजला गिळून जिन्याच्या नवव्या पायरीला लागलं. तिसऱ्या दिवशी होडी आली आणि वरच्या मजल्याच्या गॅलरीखाली लागली. होडीतल्या माणसानं जेवलात का विचारावं इतक्या सहज विचारलं, पवायला येतंय का. ती नाही म्हणाली. त्यावर तो म्हणाला, मग मधी बसा आणि अजिबात हलू नका.

ती मध्ये बसली. मांडीला मांडी लावून शेजारी तिची मुलगी पिंकी. होडी आपल्याच गल्लीतून, आपल्याच विजेच्या खांबांच्या मधून चालली होती आणि अंजना श्वाससुद्धा मोजून घेत होती. चाळीस फेट्यांची पेटी घरातच राहिली. पूर ओसरल्यावर ती उघडली तर सगळे रंग एकमेकांत उतरले होते. भगव्यात निळा, निळ्यात गुलाबी. कापडाचं तिला वाईट वाटलं, पण कापड पुन्हा आणता येतं. तिच्या डोक्यात राहिलं ते होडीत गप्प बसणं. आपण दगडासारखं मध्ये बसावं आणि दुसऱ्यानं आपल्याला वाहून न्यावं, हे तिला फार लागलं होतं.

तिच्या माहेरी पोहायला पाणीच नव्हतं. खटाव तालुक्यातला तो कोरडा भाग. एक विहीर होती, तीत गावातली पोरं पाठीला पत्र्याचा डबा बांधून धपाधप उड्या मारायची. त्या विहिरीच्या काठावर तिच्या आज्जीला उभं राहू देत नसत. आईच्या वेळी उभं राहू देऊ लागले. अंजनाच्या वेळी पाणी शेंदू देत होते. पोहायचं काही कुणाच्या मनात आलं नव्हतं, तिच्याही नाही.

सांगलीत टँक होता. लोक पोहण्याच्या तलावाला टँकच म्हणत. तिथे बायकांची वेळ दुपारी अकरा ते बारा. अंजना चौकशीला गेली तेव्हा पहारेकरी हरी म्हणाला, ह्या वेळेला कुणी फिरकत न्हाई, मीच पाण्याकडं बघत बसतो. फिरकणार तरी कशी? अकरा वाजता कुणी हळदीच्या गोदामात, कुणी शाळेच्या स्वयंपाकाला, कुणी दवाखान्यात. वेळ सकाळी साडेसहा ते साडेसात झाली आणि शिकवायला बाई मिळाली की झालं. एवढं महापौरांनी मनावर घेतलं तर होईल, असं हरीच म्हणाला होता.

आता सामान्य माणसाला महापौर भेटतो कधी? अंजनाला भेटायचा. फेटा बांधायला तीन मिनिटं लागतात. ती तीन मिनिटं शहराचा पहिला नागरिक तिच्या हाताखाली खुर्चीत बसलेला असायचा, कुठे जाऊ शकत नसायचा.

पहिले होते नानासो. भला माणूस. अंजनानं दुसऱ्या वेढ्याला टँकचा विषय काढला. नानासोंनी मनापासून ऐकलं आणि होकार द्यायला मान हलवली, तसा फेटा कानावर आला. नेहमीच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "मान हलवू नका साहेब." नानासो शहाण्या मुलासारखे गप्प बसले. फेटा झाला, बाहेर हलगी कडकडली आणि ते गुलालात दिसेनासे झाले. घरी येऊन अंजनानं ते हो म्हणाले असं सांगितलं. धोंडिराम म्हणाला, म्हणणार होते, तूच त्यांना थांबवलंस.

दुसऱ्या वेळी जयराजदादा होते. त्यांनी मान अजिबात हलवली नाही, पण तोंडानं सारखं हो, हो, करून टाकू, उद्याच लावतो माणूस, असं म्हणत राहिले. अंजनाला इतका आनंद झाला की तिनं तुरा नेहमीपेक्षा चार बोटं उंच काढला. फेट्याचा शेवटचा पेच कानावरून घेताना तिला दिसलं, कानात फोनचं पांढरं बोंड होतं. ते कुणाच्या तरी गटाराच्या झाकणाबद्दल बोलत होते.

पुढे काही वर्षं शहराला महापौरच नव्हता. प्रशासक कारभार बघायचे आणि प्रशासकाला फेटा बांधायला कुणी बोलावत नाही. अंजनाचं मागणं तसंच राहिलं. तिनं ते मनात कुठे खोल वगैरे दडवून ठेवलं नव्हतं, चहा पिताना बोलायची, विसरायची, पावसाळ्यात नदीची फुटं मोजायला लोक पुलावर जमले की पुन्हा बोलायची.

मग निवडणूक लागली. मोबाइलवर बातम्या दाखवणारी एक पोरगी गल्लीत माईक घेऊन आली. नव्या महापौरांकडून तुमची अपेक्षा काय, असं ज्याला त्याला विचारत होती. रस्ते, पाणी, डास, कुत्री, सगळं सांगून झालं होतं. अंजनापुढे माईक आला तेव्हा ती वाळत घातलेले फेटे काढत होती. ती म्हणाली, "मला पवायला शिकायचं हाय. सकाळी बायकांसाठी टँक उघडा, एवढंच." पोरगी हसली. ते बोलणं गावभर फिरलं. कोपऱ्यावरचा पानवाला विचारू लागला, काय वहिनी, कृष्णेतल्या मगरींची ऑर्डर हाय का, त्येंना पान्यात जाऊन फेटं बांधायचं का? अंजना म्हणाली, मगरीला बांधीन, ती निदान बांधताना फोनवर बोलत नाही.

पिंकी मिरजेला एका लॅबमध्ये काम करायची. तिनं ती चित्रफीत चार वेळा पाहिली आणि आईला म्हणाली, बोललीस ते बरं केलंस, फक्त मागे माझे कपडे वाळत होते.

त्या वेळी महापौरपद बाईकडे आलं. अनसूयाताई, पन्नाशीच्या, शाळेत पर्यवेक्षिका होत्या, मग नोकरी सोडून राजकारणात आलेल्या. डोक्यावर भलामोठा आंबाडा. निवडीच्या दिवशी फेट्यांसाठी अंजनालाच बोलावणं येणार हे उघड होतं आणि आलंही. आदल्या संध्याकाळी धोंडिरामनं तिला समजावलं. बांधताना बोलायचं नाही, बांधायच्या आधी बोलायचं. फेटा हातात घ्यायचाच नाही आधी. तिला ते पटलं. काय बोलायचं तेही तिनं ठरवलं, तीन वाक्यं.

प्रत्यक्षात निवड झाली, टाळ्या वाजल्या, ताईंना दालनात आणून खुर्चीत बसवलं आणि कुणीतरी अंजनाला म्हणालं, मावशी, आवरा पटकन, खाली मिरवणूक थांबलीय. आणि तिच्या हातांनी आपोआप कापड उचललं. तीन वाक्यं जिथल्या तिथे राहिली.

दालन लहान होतं. हार, पुष्पगुच्छ, माणसं. नऊ मीटर कापड ताणायला आत जागाच नव्हती म्हणून धोंडिराम टोक धरून दाराबाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. गुलाबी कापड दारातून आरपार गेलं, छातीच्या उंचीवर. त्यामुळे झालं काय, की बाहेरच्यांना आत येता येईना आणि फुलांचा गुच्छ घेऊन आलेले चार-पाच जण दारातच अडले.

अंजनानं पहिला वेढा घेतला, आंबाड्यावरून तिरका पेच घेतला, दुसरा वेढा घेतला. तिसऱ्याला कापड ओढलं तर ते येईना. तिनं जरा जोरात ओढलं. तरी येईना. तिनं दाराकडे पाहिलं. धोंडिराम टोक दोन्ही मुठींत धरून पाय रोवून उभा होता. वेढा पडेल तसं पुढे सरकायचं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तो सरकत नव्हता. त्याच्यामागचे लोक, काय झालं, काय झालं, विचारत होते आणि तो कापड अडकलंय असं त्यांना सांगत होता. बायकोकडे मात्र त्यानं नुसती भुवई उडवली, विचार आता.

ताई अर्ध्या फेट्यात अडकून बसल्या होत्या. एका बाजूला अंजना, दुसऱ्या बाजूला रिक्षावाला. त्या म्हणाल्या, काही अडचण आहे का?

अंजनानं घसा साफ केला आणि सांगून टाकलं. ठरवलेली तीन वाक्यं आलीच नाहीत, दुसरीच आली. होडीत मधी बसवून हलू नका म्हणाले ते आलं, अकरा ते बारा कुणाला जमत नाही ते आलं, हरी एकटाच पाण्याकडे बघत बसतो तेही आलं. ताई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी होकार देण्यासाठी मान हलवायला घेतली आणि आंबाड्यावरचा पेच सुटायला लागला.

"मान हलवू नका ताई," अंजना म्हणाली. आणि म्हणाल्याबरोबर तिला नानासो आठवले. ती लगेच पुढे म्हणाली, "तोंडानं सांगा. तोंड हललं तर फेट्याला काय होत न्हाई."

ताईंना हसू आलं. मान न हलवता हसणं सोपं नसतं, खांदे हलले. मग त्या शाळेत बोलत असाव्यात तशा बोलल्या. "वेळ बदलता येईल. शिकवायला बाई पाहिजे, ती शोधावी लागेल. आणि बॅच भरली पाहिजे. चार जणींसाठी पहाटे टँक उघडा म्हटलं तर मला सभागृहात कोणी बोलू देणार नाही. वीस नावं आणा."

"आणली तर?"

"आणली तर पहिल्या दिवशी मी स्वतः येते."

कापड सैल झालं. धोंडिराम एक पाऊल पुढे सरकला होता.

वीस नावं म्हणजे किरकोळ, असं अंजनाला वाटलं होतं. पिंकीच्या जुन्या वहीत तिनं पहिलं नाव स्वतःचं लिहिलं, दुसरं पिंकीचं, तेही पिंकीला न विचारता. पहिल्या आठवड्यात यादी चारावर थांबली. यायचं सगळ्यांना होतं. पण अंगाला चिकटणारे कपडे घालायचे म्हटलं की एकेकीला सासू आठवायची, दीर आठवायचा, सर्दी आठवायची. हळदीच्या गोदामातली एक जण म्हणाली, आमचं अंग इतकं पिवळं की टँकचं पाणी आमटीसारखं होईल. दुसरी म्हणाली, मी पाण्यात उतरले तर बाकीचं पाणी बाहेर येईल. सगळ्या हसल्या आणि कुणी नाव दिलं नाही.

शिकवणारी मात्र लवकर सापडली. पिंकीच्या ओळखीतली मयूरी, नदीकाठच्याच घरातली, चालता येण्याआधी पोहायला लागलेली, आता मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची. तिनं एवढंच सांगितलं की मी कुणाचं वय विचारणार नाही आणि कुणाचं वजन विचारणार नाही, फक्त पाण्यात माझ्या गळ्याला मिठी मारायची नाही. कपड्यांचा प्रश्न अंजनानं सोडवला. कापडातलं तिला कळत होतं. पाणी न धरणाऱ्या कापडाची घोट्यापर्यंतची विजार आणि वर गुडघ्याला टेकणारा लांब बाह्यांचा झगा, असा एक नमुना शिंप्याकडून शिवून घेऊन तिनं तो गल्लीतल्या बुद्धविहारात आणला.

पौर्णिमा होती. वंदना झाली, खीर वाटून झाली आणि बायका नमुना हातात घेऊन उलटसुलट करून बघत होत्या. कुणी म्हणालं चांगला आहे. कुणी म्हणालं, पण लोक काय म्हणतील. तेव्हा कोपऱ्यातून लीलाबाई उठल्या. एकसष्ट वर्षांच्या, गुडघ्यांनी दमवलेल्या, अंजनाच्या शेजारी राहायच्या. त्या म्हणाल्या, "पुरात मला चौघांनी उचलून होडीत टाकली. एकानं काखेत धरली, एकानं पाय धरलं. लुगडं कुठं आन मी कुठं. तवा कुनाला लाज वाटली न्हाई, मलाबी न्हाई. आता अंगभर झगा घालून, बायका-बायकांत, हरीला बाहेर बसवून जायचं, तर तुमाला लाज वाटाय लागली व्हय? अंजना, माझं नाव लिव्ह. खाली कंसात वय लिव्ह, म्हंजे बाकीच्यांचं तोंड बंद हुईल."

त्या दिवशी यादीत सव्वीस नावं वाढली. गोदामातली पिवळी बाईसुद्धा आली. वहीचं पान तीस नावांनी भरलं आणि ते घेऊन अंजना स्वतः ताईंकडे गेली, फेट्याचं कापड न घेता. हातात कापड नसताना मोठ्या माणसासमोर हात कुठे ठेवायचे हे तिला कळेना, म्हणून ती वही दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. ताईंनी नावं मोजली. लीलाबाईंच्या नावाखालचा एकसष्ट आकडा बघून त्यांनी एकदा अंजनाकडे पाहिलं आणि कागदावर सही केली.

मंजुरीला दीड महिना गेला. मार्चच्या पहिल्या सोमवारी बॅच सुरू होणार असं ठरलं आणि आता सगळं सुरळीत होणार असं वाटत असतानाच अंजनानं एक मोठी चूक केली. ती तिच्या धंद्यातली चूक होती, म्हणून तिला ती चूक वाटलीच नाही.

ताईंच्या कार्यकर्त्यांचा फोन आला. उद्घाटन जोरात करायचं होतं. तीस महिला आहेत तर तिसांनाही गुलाबी फेटे, शिवाय पाहुण्यांना पाच. जमेल का? वीस वर्षांत अंजनानं फेट्याच्या ऑर्डरला नाही म्हटलं नव्हतं. हो म्हणून तिनं फोन ठेवला आणि पेटीतून गुलाबी कापडं काढून मोजायला बसली. पिंकी म्हणाली, आई, पोहायला फेटा घालून जायचं? अंजना म्हणाली, गप गं, सन्मान हाय त्यो.

सोमवारी पाच वाजता ती आणि धोंडिराम टँकवर हजर होती. साडीच्या आत तिनं तो झगा आणि विजार आधीच घातली होती. पहिल्यांदा लीलाबाईंचा फेटा झाला, मग एकेकीचा. साडेसहाला बाकीच्या एकोणतीस बायका पोहण्याचे कपडे घालून, डोक्यावर तुरे काढलेले गुलाबी फेटे बांधून, खुर्च्यांवर रांगेत बसल्या होत्या. समोर टँक भरलेला. पाणी निळं, स्वच्छ, एक लाट नाही. मयूरी गळ्यात शिट्टी अडकवून काठावर उभी होती.

मग नारळ आला. फीत आली, ती कापायची कात्री मात्र आली नाही, ती आणायला माणूस गेला. पाहुण्यांची ओळख झाली. एका पाहुण्यांनी पाण्याचं महत्त्व सांगितलं, दुसऱ्यांनी स्त्रीचं महत्त्व सांगितलं आणि तिसरे दोन्ही सांगायला उभे राहिले. फोटोसाठी बायकांना तीनदा उभं केलं, दोनदा बसवलं. हरीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्याला साडेसातला शाळेच्या मुलांची बॅच आत सोडायची होती. सात वाजून पाच मिनिटांनी ताई धावतपळत आल्या. रस्त्यात अडकले, म्हणाल्या. लगेच कुणीतरी त्यांना खुर्चीत बसवलं आणि अंजनाला हाक मारली. मावशी, ताईंचा फेटा.

अंजनानं कापड उचललं. धोंडिरामनं टोक घेतलं आणि मागे सरकत सरकत टँकच्या कडेला जाऊन उभा राहिला. तिनं घड्याळ पाहिलं. सात वाजून दहा. वीस मिनिटं राहिली होती. फेटा, मग मनोगत, मग आभार, मग चहा. तिनं रांगेत बसलेल्या बायकांकडे पाहिलं. पिंकी तिच्याकडेच बघत होती. लीलाबाईंनी कंटाळून पाय चपलेतून काढले होते.

इतक्या वर्षांत तिनं समोर बसलेलं डोकं कधी उघडं सोडलं नव्हतं. पाहुणा असो, नवरदेव असो, भांडून आलेला व्याही असो. हातात घेतलेला फेटा पुरा करायचाच.

"ताई," ती म्हणाली, "हा फेटा ऱ्हाऊ द्या. माझी बॅच चालू झालीय."

ती हे मोठ्यानं बोलली नव्हती, पण माईक जवळ होता. तिसरे पाहुणे बोलायचे थांबले. कार्यकर्त्यानं तोंड उघडलं. ताईंनी हात वर करून त्याला गप्प केलं, घड्याळाकडे पाहिलं, समोरच्या फेट्यांच्या रांगेकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांच्या शाळेच्या सवयीनं म्हणाल्या, "चला, उठा सगळ्या. भाषणं पाण्यातून ऐकू येतात." मग पाहुण्यांकडे आणि कार्यकर्त्यांकडे वळून, त्याच आवाजात, बाहेर चहा ठेवलाय म्हणून सांगितलं. हरीनं सगळ्या पुरुषांना दाराबाहेर काढलं. एकटा धोंडिराम राहिला, कारण त्याच्या हातात कापड होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

बांधायला दीड तास लागलेले फेटे दोन मिनिटांत सुटले. कुणी खुर्चीवर टाकले, कुणी कठड्यावर. अंजनानं साडी सोडून घडी न करता ठेवली आणि शिडीकडे गेली. पहिल्या पायरीवर पाणी घोट्याला लागलं तेव्हा ती थांबली. थंड होतं, पुराच्या पाण्यापेक्षा कितीतरी थंड, आणि तळ दिसत होता. फरशीचे चौकोन मोजता येत होते. तिनं दुसरी पायरी घेतली, मग तिसरी. पाणी छातीला आलं आणि पाय जमिनीला टेकले. मागून लीलाबाई, अगं सरक, माझं गुडघं दुखाय लागल्यात, म्हणत उतरल्या. बघता बघता टँकच्या उथळ बाजूला बायकांचा असा गोंगाट उठला की मयूरीला शिट्टी तीनदा फुंकावी लागली.

त्या दिवशी पोहणं वगैरे काही झालं नाही. मयूरीनं एवढंच शिकवलं की काठाची नळी धरायची, श्वास भरून घ्यायचा, तोंड पाण्यात घालायचं आणि मनात आकडे मोजत श्वास सोडायचा. पहिल्यांदा अंजना एकावरच वर आली, नाकात पाणी गेलं, डोळे लाल झाले. दुसऱ्यांदा दोनपर्यंत. तिसऱ्यांदा तिनं डोळे उघडले. खाली तीस जणींचे पाय दिसत होते, काही हळदीनं पिवळे, आणि एकीच्या पायात जोडवी चमकत होती. ती चारपर्यंत टिकली. वर आली तेव्हा ती हसत होती आणि खोकतही होती. काठावर ताई चपला काढून, साडी घोट्यांवर उचलून, पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या आणि मयूरीला हळूच विचारत होत्या की पुढच्या बॅचला जागा आहे का.

साडेसातला हरीनं दारावर टकटक केली. मयूरी म्हणाली, पाच मिनिटं. हरी बाहेरून म्हणाला, बरं.

धोंडिराम कठड्याशी, पाण्याकडे पाठ करून उभा होता आणि एकेका फेट्याचं टोक हनुवटीखाली धरून घड्या घालत होता. त्याच्या खिशात अंजनाचा फोन वाजला. तो बोलला आणि मागे न बघता मोठ्यानं म्हणाला, "अगं, उंब्रजचं लगीन हाय म्हनं एकवीस तारखेला. शंभर फेटं. सकाळी सातला या म्हंत्यात."

"सातला न्हाई जमणार. दहाच्या पुढं येतो म्हणावं."

धोंडिरामनं ते सांगितलं, पलीकडचं ऐकलं आणि पुन्हा म्हणाला, "का म्हनून विचारत्यात."

"सकाळी पवायला असती म्हणावं," अंजना म्हणाली. तिनं नळी घट्ट धरली, छातीभर श्वास घेतला आणि ह्या वेळी पाचापर्यंत जायचं ठरवून तोंड पाण्यात घातलं.